आजचा घड

अर्धं आयुष्य द्राक्षांत घालवलेली ही बाई द्राक्ष तोंडात घालायची नाही. टेबलावर गळून पडलेला एखादा टपोरा मणी कुणी प्रेमानं पुढे केला, तर डोळे वटारून म्हणायची, "बँकेतला क्याशियर नोटा चघळतो का गं?"

आम्ही सगळ्या तिला आक्का म्हणायचो. तिच्याहून वयानं मोठ्या बायकाही आक्काच म्हणायच्या, कारण तिनं तसं ठरवून टाकलं होतं. मोठं अंग, मोठा आवाज आणि स्वतःविषयी त्याहून मोठं मत. नम्रपणा तिच्याकडे औषधालाही नव्हता. "या टेबलावर माझ्यासारखी कात्री कुणाची नाय," हे ती रोज सकाळी जाहीर करायची, आणि कुणी "हो आक्का" म्हटलं नाही तर पुन्हा जाहीर करायची. कष्टकरी बाई म्हटलं की खाली मान, सोसणारे डोळे, कपाळावर घाम, असं जे चित्र आमच्या पत्रकांवर छापतात, त्यात ती कुठूनही बसत नव्हती. मला त्याचा रागच यायचा. अशा बाईचं करायचं काय?

मी तिथे कशी पोचले ते सांगते. आमची संघटना नाशकात, एका जिन्याखालच्या खोलीत. मी पत्रकं लिहायची, छापून आणायची, वाटायची. निफाडच्या बाजूच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसबाहेर वाटायला गेले, तर वॉचमन म्हणाला, "आत फक्त कामाच्या बायका." म्हटलं, ठीक आहे, कामाची बाई होऊ. हंगाम भरात होता, माणसं मिळत नव्हती. मुकादमानं माझे हात बघितले, हसला आणि घेतलं.

काम सांगायला सोपं आहे. बागेतून तोडलेले घड क्रेटमध्ये येतात. बायका स्टीलच्या लांब टेबलांभोवती उभ्या राहतात. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात छोटी कात्री. घडातले बारके, चिरलेले, एकमेकांना चेंगरणारे मणी कापून काढायचे आणि घड पारदर्शक डबीत भरायचा. डबी खोक्यात, खोकं थंड खोलीत, तिथून कंटेनर, मग समुद्र, मग परदेश. मात्र एक नियम कडक. घड देठालाच धरायचा. मण्यांवर जी पांढुरकी झाक असते ती बोट लागलं की पुसली जाते आणि माल शिळा दिसतो. म्हणून एकदा हातात घेतलेला घड टेबलावर ठेवायचाही नाही. हातातून थेट डबीत. भिंतीवर तसा भलामोठा बोर्डच होता.

आणि हे सगळं उभ्यानं. सकाळी उभ्या राहिलात की जेवणापर्यंत उभ्या, जेवून आलात की पुन्हा उभ्या. स्टूल नाही. का नाही? तर बसलं की हात मंदावतात. हे ज्यानं ठरवलं त्यानं ते खुर्चीत बसून ठरवलं, एवढं मी खात्रीनं सांगते.

पहिल्याच दिवशी आक्कानं माझ्या हातातला घड बघितला. मी जिवापाड काळजीनं कापला होता, म्हणजे फारच कापला होता.

"हा काय गं? तिरुपतीला जाऊन आला का?"

सगळं टेबल हसलं.

"नाशिकची का तू? काय करायची तिकडं?"

"पत्रकं लिहायची."

"तरीच. सगळं छाटून टाकलंस, नुसता देठ ठेवलास."

तेव्हापासून माझं नाव 'पत्रक' पडलं. "ए पत्रक, देठाला धर. ए पत्रक, पाणी पी जा, तोंड बघ कसं झालंय."

घडांना तर ती माणसांसारखी नावं ठेवायची. वरून भरगच्च आणि आत पोकळ असला की तो आमदार. एका बाजूनं फुगलेला असला की लग्नात रुसलेला मामा. अंग चोरून लांबट वाढलेला असला की नवी सून. दिवसभर हा बाजार चालायचा, आणि आमची कात्री थांबायची नाही. हसत हसत क्रेट रिकामं व्हायचं.

तिचं आणखी एक. टोपीच्या आत ती गजरा माळून यायची. माहेर मखमलाबादकडचं, भावाची फुलशेती. रोज सकाळी बायकांना कामावर आणणाऱ्या जीपवाल्याच्या हाती भाऊ फुलं पाठवायचा आणि ही ती जीपमध्ये बसून ओवायची. मग केसांत माळून वर टोपी ओढायची. गजऱ्याची एक पाकळीही कुणाला दिसायची नाही.

मी विचारलं, "आक्का, दिसत तर नाही. मग कशाला?"

"तुला दिसत नाय. मला ठाऊक हाय ना."

आता मुद्द्यावर येते. चारच्या सुमाराला उन्हं कलायची आणि पश्चिमेच्या शटरमधून उजेडाची एक तिरपी पट्टी टेबलावर यायची. त्या वेळेला, कितीही घाई असो, बाहेर कितीही क्रेटं येऊन पडोत, आक्का ओरडायची, "हात थांबवा!"

हात थांबायचे. ज्या बाईला वाटायचं की आपल्या हातातला घड चांगला उतरलाय, ती तो उचलून धरायची. आक्का टेबलाभोवती फिरायची. एकेक घड देठाला धरून त्या उजेडात फिरवायची, एक डोळा बारीक करून बघायची, आणि निर्दयपणे नाकारायची. "मामा. आमदार. हा बरा हाय, पण देठाकडचा खांदा बघ कसा पडलाय." शेवटी एका घडापाशी थांबायची. तो वर धरून म्हणायची, "बघून घ्या गं, आजचा घड!" मग ज्या बाईचा असेल तिनं सांगायचं, कुठं कापलं, काय ठेवलं, का ठेवलं. सगळ्यांनी ऐकायचं. नंतर आक्का तो स्वतःच्या हातानं डबीत ठेवायची आणि म्हणायची, "जा बाबा, तोंड दाखव त्यांना आमचं." आणि कात्र्या पुन्हा सुरू. सगळं मिळून एक कप चहा निवेल एवढा वेळ.

त्या दिवशी ज्या बाईचा घड निघायचा, ती जीपमधून घरी जाताना वेगळी बसायची. कुठं बसायची असं नाही, कशी बसायची.

मला हे भयंकर खटकलं. का खटकू नये? मी जेवणाच्या सुट्टीत तिला स्पष्टच सांगितलं.

"आक्का, मालकाला हेच तर हवं असतं. तुम्ही घड बघून खूश, तो माल बघून खूश. पायाला सूज येते त्याचं काय? फुकटातलं समाधान आहे हे."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, नीट चावला. मग म्हणाली, "हे मालकानं दिलंय का?"

"नाही, पण—"

"मुकादमानं दिलंय?"

"नाही."

"मग? मी घेतलंय ते. त्याच्या दिवसातनं काढून घेतलंय, रोज, त्याच्या डोळ्यांदेखत. दिलेलं आणि घेतलेलं यातला फरक तुझ्या पत्रकात हाय का?"

"पत्रकात तुमच्या हालांबद्दल आहे."

"तेच तर. वाचलं मी. तुझ्या कागदात आम्ही नुसत्या रडतोय. दिवसभर एवढं काम करतोय, त्यातलं एकपण नाय त्यात. कुणाच्या बायका हायेत त्या?"

मी चूक होते असं मी म्हणणार नाही. स्टूल हवंच होतं. पाय तेव्हाही सुजत होते. पण हा प्रश्न मी अजून खिशात घालून फिरते.

मग नवा साहेब आला. पुण्याहून की कुठून, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्यानं टेबलावर कॅमेरे बसवले आणि आपण काचेच्या केबिनमध्ये बसला. आल्यावर पहिलं काम केलं ते बोर्ड बदलण्याचं. जुनाच मजकूर, पण मोठ्या अक्षरांत आणि खाली त्याची सही. 'घड फक्त देठाला धरावा. घड टेबलावर ठेवू नये. नियम मोडणाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल.' मग वळला आक्काकडे.

चारच्या उजेडात ती हात थांबवून फिरत होती. साहेब केबिनमधून तडक बाहेर आला.

"काय चाललंय? देवळात आलात का दर्शन घ्यायला?"

"माल बघतोय साहेब," आक्का म्हणाली.

"माल बघायला क्वालिटीवाले आहेत. लाइन थांबली की लॉस होतो. उद्यापासून हा प्रकार बंद. आणि तुम्ही, बाई, मागच्या शेडमध्ये जा. खोकी जोडा."

मला वाटलं, आक्का आता त्याला फाडून खाईल. तिनं हातातला घड डबीत ठेवला, कात्री पुसली आणि गेली. हे मला तिच्या ओरडण्यापेक्षा जड गेलं.

खोक्यांची शेड म्हणजे पत्र्याचा बोगदा. सपाट पुठ्ठा घ्यायचा, दुमडायचा, टेप मारायची, रचायचा. पुन्हा पुठ्ठा. उजेड नाही, बाई नाही, द्राक्ष तर नाहीच. तिच्या तिथल्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेले, तर खोक्यांच्या भिंतीआड बसून होती.

"बसायला तरी मिळतंय," मी आपलं काहीतरी म्हणाले.

"पत्रक, संध्याकाळी घरी जाऊन सांगू काय मी?" ती म्हणाली. "तीस खोकी का तीनशे, कुणाला काय त्याचं. दिवस कुठं गेला तेच कळत नाय इथं. हंगाम संपेपर्यंत असं असलं तर मी येत नाय. उद्याचा दिवस बघते, नायतर परवापासून घरीच."

आक्का कामाला येणार नाही? मला ते कल्पनेतही बसेना. इकडे टेबलावर दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नव्हतं. मामा नाही, आमदार नाही. परतीच्या जीपमध्ये नुसती इंजिनाची घरघर.

मी तिथल्या तिथे, एका पुठ्ठ्यावर, मागण्या लिहून काढल्या. स्टूल. संडासात पाणी. चहाची सुट्टी. आणि शेवटी, आक्काला टेबलावर परत आणा, घड सुरू करा.

तिनं वाचलं. "घड सगळ्यात खाली का?"

"कारण पाय सुजतात म्हणून कोर्टात जाता येतं. घड दिसला नाही म्हणून जाता येत नाही."

"कोर्टात कोण चाललंय? आपल्याला चार वाजता टेबलावर जायचंय. वर घे त्याला."

"आक्का, ही चैनीची मागणी आहे. लोक हसतील."

"बायकांना विचार की. कशासाठी उभ्या राहता ते विचार. तू सांगू नको, नुसती विचार."

संध्याकाळी जीपमध्ये विचारलं. स्टुलाचं काय? सगळ्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "मिळालं तर बरंच की. तू बोल ना, तुला येतं बोलता." आणि घडाचं? सगळी जीप एकदम बोलायला लागली. "साहेब कोण लागून गेला?" "आमचा घड बंद करणारा तो कोण?" ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, कुणी मेलं का म्हणून.

आमचा. हा शब्द बायकांच्या तोंडी यावा म्हणून मी किती रीम कागद वाया घालवला होता.

दुसऱ्या दिवशी ठरलेलं काही नव्हतं. खरंच नव्हतं. माझा पुठ्ठा पिशवीतच होता. उजेडाची पट्टी टेबलावर आली आणि सगळ्यांच्या कात्र्या हळू झाल्या, पण थांबेना कुणी. साहेब काचेतून बघत होता.

आमच्यात सुरगाण्याकडची एक होती. हंगामाला घर सोडून आलेली, माझ्याच वयाची. तिचा आवाज आम्ही धड ऐकला नव्हता. आजचा घड तिचा कधी निघालाच नव्हता, कारण ती कधी उचलूनच धरायची नाही. तिनं हात थांबवला आणि घड वर उचलला. सरळ उजेडात.

मग तिच्या शेजारणीनं. मग पलीकडच्या टेबलानं. बघता बघता सगळं पॅकहाऊस हात वर करून उभं. हिरव्यागार मण्यांतून ऊन आरपार जात होतं. मी मोर्चे बघितलेत, झेंडे बघितलेत. असं काही बघितलं नव्हतं.

साहेब धावत आला. "खाली ठेवा! आधी खाली ठेवा ते!"

कुणी हललं नाही. टेबलाच्या टोकाची एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "खाली कुठं ठिवायचा साहेब? टेबलावर ठिवायचा नाय, तुम्हीच लिवलंय. कामावरून काढाल आम्हाला."

सगळ्यांनी एकदम बोर्डाकडे बघितलं. साहेबानंही बघितलं. त्याचीच सही होती.

"मग डबीत भरा!"

"भरणार ना. पर आक्कानं बघितल्याबिगर कसा भरणार?"

"हात दुखतील तुमचे!"

"सवय हाय," दुसरी म्हणाली. "दिवसभर उभंच असतो."

बाहेर क्रेटं साचत चालली. थंड खोलीकडून माणूस विचारायला आला, खोकी का थांबली म्हणून. त्याच्या मागोमाग मालक आला. त्याला सगळे दादा म्हणायचे. दादानं टेबलं बघितली, वर गेलेले हात बघितले, बाहेरचा ढीग बघितला.

आता इथं दादा विरघळला, त्याचे डोळे पाणावले वगैरे लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. विरघळायला तो काही गूळ नव्हता. त्यानं सरळ विचार केला. आख्ख्या तालुक्यात बागा तयार, कंटेनर दारात उभा, आणि एवढ्या कात्र्या त्याला उद्या सकाळी दुसरीकडून मिळणार नव्हत्या. तो साहेबाला एवढंच म्हणाला, "आक्काला बोलवा."

आक्का शेडमधून आली. कोपराला टेपचा तुकडा चिकटलेला. शेडमध्ये टोपी लागत नाही, त्यामुळे पॅकहाऊसच्या आत तिचा गजरा त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना दिसला. भरगच्च, पांढराशुभ्र. ती दारात आली, सगळे वर गेलेले हात तिनं बघितले, आणि आत पाऊल टाकायच्या आधी म्हणाली, "टोपी द्या."

टोपी आली. गजऱ्यावर ओढली. मास्क लावला, हात धुतले. सगळे ताटकळत उभे, मालकासकट. मग ती टेबलाभोवती फिरायला लागली.

"मामा. हा पण मामा. हा काय गं, हात थरथरत होता का कापताना? आमदार." एकेक करत ती सगळीकडून फिरली आणि मधोमध येऊन उभी राहिली. "आज घड नाय. सगळ्यांचं लक्ष भांडणात. भरा डब्या."

मी तर डोक्याला हातच लावला. एवढं सगळं जिच्यासाठी झालं, तिनं आम्हा सगळ्यांना नापास केलं!

तेवढ्यात सुरगाण्याची बोलली. त्यांच्याकडे लहानथोर सगळ्यांनाच अरेतुरे.

"माझा हाय. नीट बघ तू."

आवाज खणखणीत. आक्काच्या निकालावर आजवर कुणी ब्र काढला नव्हता. आक्का वळली. तिच्यापाशी गेली, घड देठाला धरून घेतला, उजेडात नेला. एक डोळा बारीक केला. फिरवला. पुन्हा फिरवला.

"कुठं कापलंस?"

"मधी. खांदा तसाच ठेवला. लोक खांदा कापतात, मग घड उघडा पडतो."

आक्कानं घड वर धरला. "बघून घ्या गं! कोण म्हणतं आज घड नाय?"

हसण्याचा असा कल्लोळ उठला की थंड खोलीतली माणसं बाहेर आली. सुरगाण्याची मास्कच्या आत हसत होती, ते डोळ्यांवरून कळत होतं. आक्कानं घड डबीत ठेवला. "जा बाबा, तोंड दाखव त्यांना आमचं."

"झालं?" दादानं विचारलं.

"घडाचं झालं. रोज चार वाजता होणार," आक्का म्हणाली. "आता दादा, तुम्ही आलाच हायेत तर सांगते. उभ्या उभ्या वर बघून मानेला रग लागते. बायकांना बसून बघता येईल असं कायतरी द्या. आणि बसायला दिलंच, तर घड बघून झाल्यावर ते उचलून नेत बसू नका. ऱ्हाऊ द्या तिथंच."

दादा हो म्हणाला. साहेबानं टॅबवर काहीतरी लिहिलं. आणि टेबलावर उंच स्टुलं आली, त्याच आठवड्यात. माझ्या पुठ्ठ्यावरची पहिली मागणी ह्या बाईनं जाता जाता मागितली आणि पदरात पाडून घेतली. संडासातलं पाणी आम्ही नंतर आणलं, तेही चारच्या घडाच्या वेळेलाच बोलून. एकदा हात थांबवायची सवय झाली की तोंड उघडायला फार वेळ लागत नाही.

मी तो हंगाम संपवून नाशकात परतले. माझा घड एकदाही निघाला नाही. शेवटच्या दिवशी आक्का म्हणाली, "हा बरा हाय." बस्स, तेवढंच.

आता जिन्याखालच्या खोलीत माझे दिवस असे असतात: सकाळपासून फोन, कुणाची जीप उलटली, कुणाला मुकादमानं हाकललं, छापखानेवाला दार वाजवतोय, दोन बैठका एकाच वेळेला. पूर्वी संध्याकाळी मला कुणी विचारलं असतं, आज काय केलंस, तर मी म्हणाले असते, मर मर मेले. आता चार वाजले की मी हात थांबवते. ज्यांना हसायचं ते हसतात. दिवसभरात लिहिलेल्या कागदांतलं एक वाक्य निवडते आणि मोठ्यानं वाचते. कधी कधी एकही निवडण्यासारखं नसतं. तेही मोठ्यानं सांगते.

परवा बायकांना जीपमध्ये कोंबून नेणाऱ्यांविरुद्ध पत्रक काढलं. आक्काला फोनवर पाठवलं. ह्या वेळेला त्यात बायका नुसत्या रडत नव्हत्या. काय करतात, कसं करतात, त्यांच्या कात्रीला काय येतं, ते पहिल्यांदा लिहिलं होतं, आणि मग जाब विचारला होता. चारच्या सुमाराला तिचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागं कात्र्या थांबल्याची शांतता. सगळं टेबल ऐकत असणार.

"ए पत्रक, वाचलं आम्ही. वरचा भाग आमदार हाय, छाटून टाक. पण ते मधलं वाक्य, 'ज्यांच्या हातातनं हा माल जातो त्यांचे हात तुमच्या जीपच्या दारात चेंगरायला नाहीत,' ते चांगलं उतरलंय. खांदा ठेवलास. बघून घ्या गं—"

आणि पुढचे दोन शब्द सगळ्या टेबलानं मिळून म्हटले. मी तो कागद उचलला, देठाला धरावा तसा कोपऱ्याला धरला, आणि खिडकीच्या उजेडात नेला.